स्नोबोर्डची बाइंडिंग: आधी गुडघ्यांना विचारा

नवा बोर्ड घेतला की बहुतेक दुकानं बाइंडिंग, म्हणजे बूट बोर्डला जखडून ठेवणारी पट्ट्यांची चौकट, बसवूनच देतात. बसवणाऱ्याला घाई असते आणि तुमचे गुडघे त्याने पाहिलेले नसतात. कॅल्गरीत नोव्हेंबर लागला की ओळखीचे लोक बोर्ड काखेत मारून आमच्या बेसमेंटमध्ये हजर होतात. मागची मांडी भरून येते, गुडघा आतून दुखतो, बोर्ड वळतच नाही, अशा तक्रारी असतात. निम्मे जण तर बोर्डच बदलायला निघालेले असतात. मी म्हणते, थांबा, आधी स्क्रूड्रायव्हर आणा.

तोही कुठला? तीन नंबरचा पॉझिड्राइव्ह. घरातला नेहमीचा स्टार स्क्रूड्रायव्हर वरवर तसाच दिसतो, पण जोर लावला की सटकतो आणि स्क्रूचं डोकं खाऊन टाकतो. असा स्क्रू काढताना पुढे घाम फुटतो. सोबत मोजायची टेप, थोडी कागदी चिकटपट्टी आणि पेन घ्या.

डावा पाय पुढे ठेवत असाल तर तुम्ही रेग्युलर, उजवा ठेवत असाल तर गूफी. यात बरोबर-चूक काही नाही.

आता अंतर. प्रत्येक बाइंडिंगच्या मधोमध एक गोल डिस्क असते. अंतर मोजायचं ते एका डिस्कच्या मध्यापासून दुसऱ्या डिस्कच्या मध्यापर्यंत, बुटांच्या बाहेरच्या कडांपासून नाही. ढोबळ सुरुवात म्हणून अनवाणी उभं राहून जमिनीपासून गुडघ्याच्या वाटीपर्यंत मोजा. माझी उंची १६० सेंटीमीटर, वाटीपर्यंत ४५ भरतात, आणि मी ४८ वर खेळते. कबड्डीत चढाई करणाऱ्याला अडवायला जसे उभे राहता तसे गुडघे वाकवून उभे राहा. पाय आपोआप जिथे जातात, त्याच्या आसपास तुमचं माप असतं. फार रुंद लावलं तर बोर्ड वळवताना जड जातो आणि मांड्या लवकर थकतात. फार अरुंद लावलं तर खडबडीत बर्फावर तोल सांभाळणं कठीण होतं.

बोर्डवर भोकांच्या जोड्या असतात. काही बोर्डांवर त्या ४ सेंटीमीटरवर असतात, तर हल्लीच्या पुष्कळ बोर्डांवर २ वर. म्हणजे अशा बोर्डवर एकच बाइंडिंग एक जोडी सरकवली तरी अंतर २ सेंटीमीटरने बदलतं. कंपनीने सुचवलेली जागा बहुतेक बोर्डांवर खूण करून दिलेली असते. सुरुवात तिथून करा. बर्टन कंपनीच्या बहुतेक बोर्डांवर भोकांऐवजी लांब खाच असते, तिथे बाइंडिंग हवी तेवढी सरकवता येते.

कोनासाठी स्वयंपाकघरातली फरशी वापरा. बोर्डची लांबी डावी-उजवीकडे आहे असं समजून, दोन फरशांमधली तुमच्या समोर सरळ जाणारी रेघ म्हणजे शून्य अंश. डोळे मिटून जागच्या जागी हलकी उडी मारा आणि पाय कसे पडले ते बघा. बोर्डच्या पुढच्या टोकाकडे वळलेला पाय अधिक, मागच्या टोकाकडे वळलेला उणे. डिस्कवरची प्रत्येक रेघ साधारण ३ अंशांची असते. नवख्याला मी पुढे अधिक १५ आणि मागे उणे ६ किंवा ९ लावून देते. पक्की परीक्षा एकच: बैठक मारल्यावर गुडघा पायाच्या बोटांच्या दिशेनेच जायला हवा. आत झुकत असेल तर कोन चुकलाय, मग कुणी कितीही फॅशनचा आकडा सांगो.

पुढची गोष्ट लोक हमखास विसरतात. रिकामे बूट बाइंडिंगमध्ये घालून पट्टे आवळा आणि बोर्ड पालथा करून बघा. चवडा आणि टाच दोन्हीकडे बोर्डच्या कडेबाहेर सारखेच डोकावले पाहिजेत. सेंटीमीटर-दोन सेंटीमीटर ठीक. चवडा जास्त बाहेर असेल तर चवड्याच्या कडेवर झुकताना बूट बर्फाला घासतो, कड सुटते आणि माणूस तोंडावर आपटतो. उतारावर मागे वळून बघा: कडेने कोरलेल्या बारीक रेघेशेजारी ओबडधोबड चर दिसला, तर तो बुटाचा. बाइंडिंगचा टाचेमागचा कप सरकणारा असेल तर आधी तो सरकवा. नसेल तर डिस्क ९० अंशांत फिरवून बसवा, म्हणजे तिच्या खाचा आडव्या होतात आणि बाइंडिंग चवड्याच्या किंवा टाचेच्या बाजूला हलवता येते. सगळं जमल्यावर पोटरीमागची उंच पाठ, म्हणजे हायबॅक, फिरवता येत असेल तर टाचेच्या कडेला समांतर करून घ्या.

स्क्रू बसवण्याआधी डिस्कखालचा बर्फ, पाणी पुसून काढा. चारही स्क्रू आधी हातानेच अर्धे फिरवा, मग समोरासमोरचे आळीपाळीने आवळा. ड्रिल मशीन अजिबात लावू नका, आटे गेले की बोर्ड गेला. मूळ स्क्रू हरवला म्हणून डब्यातला लांब स्क्रूही घालू नका, खालून बोर्डच्या तळाला टेंगूळ येतं. आणि एक-दोन फेऱ्यांनंतर स्क्रू पुन्हा तपासा. पुष्कळ रिसॉर्टमध्ये लिफ्टजवळ स्क्रूड्रायव्हर साखळीने बांधून ठेवलेला असतो, तो त्यासाठीच.

डोंगरावर गेल्यावर एका वेळी एकच गोष्ट बदला. अंतर आणि कोन एकदम बदलले तर कशाने फरक पडला ते कळत नाही. मी नाकिस्काला, म्हणजे १९८८ च्या ऑलिंपिकसाठी उभारलेल्या स्की रिसॉर्टला, सपाट केलेल्या उतारावर ही खटपट करते. एकच उतार पुन्हा पुन्हा घ्यायचा आणि दर बदल चिकटपट्टीवर लिहायचा. ताजा भुसभुशीत बर्फ पडला की दोन्ही बाइंडिंग एकेक जोडी मागे सरकवते. अंतर तेच राहतं, पण बोर्डचं पुढचं टोक वर तरंगतं.

गुलमर्गला जाणाऱ्या मुंबई-पुण्याच्या मंडळींनाही हे लागू आहे. भाड्याचा बोर्ड आधीच्या गिऱ्हाइकाच्या मापावर असू शकतो. तो तसाच उचलू नका. अंतर आणि दोन्ही पायांचे कोन फोनमध्ये लिहून ठेवा आणि गोंडोलाच्या रांगेत लागण्याआधी दुकानातच बदलून मागा. पाच-दहा मिनिटांचं काम आहे.