ॲल्युमिनियम-स्टेनलेस स्टीलचा जोड: आधी स्टीलचे तोंड पाहा
सोलापुरात चिंचोळी किंवा अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एखाद्या कारखान्यात ॲल्युमिनियमचा दांडा स्टेनलेस स्टीलला फ्रिक्शन वेल्डिंगने (एक भाग फिरवत दुसऱ्यावर दाबून, घर्षणाच्या उष्णतेने) जोडायचा असेल, तर मशीनच्या सेटिंगआधी स्टीलच्या तोंडाकडे, म्हणजे जोडायच्या टोकाच्या पृष्ठभागाकडे, लक्ष द्यावे. ॲल्युमिनियम ६६० अंशांच्या आसपास वितळते, स्टेनलेस स्टीलला मात्र सुमारे १४०० अंश लागतात. त्यामुळे घर्षणात ॲल्युमिनियम मऊ होऊन बाहेर सरकते आणि आपल्याबरोबर बराचसा मळ घेऊन जाते, पण स्टील जवळपास जसेच्या तसे राहते आणि त्यावरचे तेल किंवा बोटांचा डाग जोडातच अडकतो. म्हणून ते तोंड लेथवर ताजे, काटकोनात फेस करावे (कापून सपाट करावे), ॲसिटोनने पुसावे आणि नंतर हात लावू नये. ॲल्युमिनियमवरचा ऑक्साइडचा थरही वेल्डिंगच्या अगदी आधी काढावा, कारण तो हवेत लगेच पुन्हा धरतो.

घर्षणाचा वेळ वाढवून जोड पक्का होईल, हा समज चुकीचा आहे. उष्णता जास्त वेळ राहिली की लोह आणि ॲल्युमिनियमच्या संयुगांचा ठिसूळ थर जाड होतो. त्यापेक्षा घर्षण कमी वेळ आणि शेवटचा फोर्ज दाब (फिरणे थांबल्यावर दिलेला दाब) जास्त ठेवावा. मॅग्नेशियम जास्त असलेल्या ॲल्युमिनियम मिश्रधातूंचा जोड कमजोर येतो. तिथे मध्ये शुद्ध ॲल्युमिनियमचा तुकडा घालतात.

जोडाभोवती बाहेर आलेली धातूची कॉलर कितीही सुबक दिसो, नमुना वाकवून पाहावाच: तो ॲल्युमिनियममध्ये तुटला तर ठीक, स्टीलचे स्वच्छ तोंड उघडे पडले तर सेटिंग बदलावे.