चिया सीड्स खायचे का, आणि खायचे तर कसे

आमच्या जळगावात हल्ली सकाळी कुणाकडेही गेलं ना की ओट्यावर एक झाकलेला ग्लास दिसतो, आत फुगलेले बुळबुळीत दाणे आणि वर लिंबू पिळलेलं. मागच्या आठवड्यात चोपड्याच्या नणंदबाईंचा फोन आला, त्यांना थायरॉइड आहे आणि आता शुगरही बॉर्डरला आलीय, त्यांनी विचारलं की वहिनी मी पण चिया सुरू करू का, सगळे म्हणतात वजन उतरतं. त्यांना जे फोनवर सांगितलं तेच जरा नीट लिहितेय, कारण बऱ्याच जणी हेच विचारतात.

आधी हे काय आहे ते. माझ्या सासूबाई अमळनेरकडच्या, त्यांनी पाकीट हातात घेतलं आणि म्हणाल्या "हाऊ सब्जाच शे ना वं?" तर नाही, सब्जा नाही. दोन्ही तुळशीच्याच कुळातले, म्हणून भिजल्यावर सारखे दिसतात, पण चिया मूळचा मेक्सिको-ग्वाटेमालाकडचा, तिथले जुने लोक धान्यासारखा खायचे. आता आपल्याकडेही पिकतो, मध्य प्रदेशात निमचच्या मंडीत येतो आणि वाशिमकडेही शेतकरी लावतात, त्यामुळे "इम्पोर्टेड" लिहिलंय म्हणून दुप्पट पैसे मोजायची काही गरज नाही. ओळखायला सोपं आहे. सब्जा एकसारखा काळा असतो आणि पाण्यात टाकला की पाच-दहा मिनिटांत फुगतो, चियाचे दाणे करडे-पांढरे-काळे ठिपकेदार असतात आणि त्याला वीस-तीस मिनिटं तरी लागतात. मला एकदा सुट्या मालात चिया म्हणून चक्क सब्जा दिला होता, भिजवल्यावर कळलं, तेव्हापासून आधी चिमूटभर वाटीत टाकून बघते.

आता मुद्द्याचं. एका मोठ्या चमच्यात म्हणजे साधारण 12 ग्रॅम चियात 4 ग्रॅम फायबर, 2 ग्रॅम प्रोटीन, 60 च्या आसपास कॅलरी आणि 2 ग्रॅम ओमेगा-3 मिळतं, थोडं कॅल्शियमही. चांगलंच आहे, मी वाईट म्हणतच नाही. पण हे आपल्या ताटाशेजारी ठेवून बघा ना. दादरच्या, म्हणजे आपल्या रब्बी ज्वारीच्या, एका मध्यम भाकरीतच 6 ग्रॅमच्या आसपास फायबर असतं! कळण्याची भाकरी असेल तर त्यात सालासकट उडीद, म्हणजे प्रोटीनही आलं. दिवसाला 25 ते 30 ग्रॅम फायबर लागतं असं धरलं तर दोन भाकरी, एक उसळ, मेथीची भाजी आणि एखादं पेरू-केळं यातच बरंचसं भागतं. आणि आपणच भाकरी सोडून दोन्ही वेळा मऊ पोळ्या खातो, रविवारी वरणबट्टी, मधे शेव-पापडी, आणि मग फायबर कमी पडलं म्हणून चियाचं पाकीट आणतो, हे मला खरंच मनाला लागतं.

ओमेगा-3 साठी म्हणाल तर आपलं जवस आहेच की. जवसात ते चियाइतकंच किंवा थोडं जास्तच असतं, आणि आमच्याकडे भाव चियाच्या निम्म्याहून कमी. फक्त अख्खं जवस तसंच पोटातून निघून जातं म्हणून भाजून कुटायला लागतं, लसूण-मिरची-मीठ घालून चटणी केली की झालं. कॅल्शियम पाहिजे तर तीळ. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा, चिया काय नि जवस काय, यातलं ओमेगा-3 माशातल्यासारखं नसतं, शरीर त्यातलं थोडंसंच त्या रूपात बदलू शकतं, म्हणून चिया खाल्ला की हार्टचं टेन्शन गेलं असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

वजनाचं पण सांगते. अमेरिकेत 2009 साली एक अभ्यास झाला होता, जाड लोकांना रोज 50 ग्रॅम चिया 12 आठवडे दिला, वजनात फरक पडला नाही. नंतर 2017 मध्ये शुगरवाल्यांवर एक झाला, त्यांना कमी कॅलरीच्या जेवणासोबत 6 महिने दिला तेव्हा सरासरी दोन किलोच्या आतच उतरलं. म्हणजे जेवण आवरलं तर थोडी मदत, नाहीतर नाही. कोमट पाण्यात लिंबू-मध-चिया घेऊन वर पोहे-फाफडा तोच ठेवला तर उलट कॅलरी वाढतात.

मग कुणी घ्यावा? ज्यांना जवसाचा वास आवडत नाही, ज्यांना सकाळी गाडी धरायची असते आणि भाकरी जमत नाही, ज्यांचं पोट साफ होत नाही, त्यांना सोयीचा आहे. नणंदबाईंना मी हो म्हटलं, पण एका अटीवर, ती पुढे सांगते.

सुरुवात चहाच्या एका छोट्या चमच्याने करा, आठवडाभर तेवढंच. मी पहिल्यांदा उत्साहात तीन मोठे चमचे घेतले होते, मे महिना, पाणी कमी, दोन दिवस पोट दगडासारखं फुगलं. फायबर वाढवायचं तर पाणी वाढवायलाच पाहिजे, आपल्या भुसावळ-जळगावच्या 44-45 च्या उन्हात तर फारच. सवय झाली की दिवसाला एक, फार तर दोन मोठे चमचे, त्यापुढे काही जास्तीचा फायदा नाही.

एका मोठ्या चमच्याला एक पूर्ण ग्लास पाणी, चिया टाकला की ढवळा, पाच मिनिटांनी परत ढवळा नाहीतर तळाशी गोळा होतो, आणि अर्धा तास ठेवा. कोरडा चमचाभर तोंडात टाकून वरून पाणी प्यायचं हे अजिबात करू नका. हा दाणा स्वतःच्या वजनाच्या दहापटीहून जास्त पाणी ओढतो. 2014 मध्ये अमेरिकेतल्या एका माणसाची केस डॉक्टरांनी मांडली होती, त्याने असंच केलं आणि अन्ननलिकेत फुगून अडकलं, दुर्बिणीने काढायला लागलं. घरात कुणाला गिळायला त्रास असेल, वयस्कर असतील, तर त्यांना एकतर देऊ नका नाहीतर पूर्ण फुगलेलाच द्या.

आता ती अट. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी घेतात ना, तिच्यासोबत चियाचं पाणी घेऊ नका, फायबरमुळे गोळी नीट शोषली जात नाही. नणंदबाईंना म्हटलं सकाळी गोळीच घ्या, चिया दुपारी ताकात टाका. लोहाच्या गोळीचंही तसंच, अंतर ठेवा. रक्त पातळ करायची गोळी किंवा शुगर-बीपीची औषधं चालू असतील तर रोजचं सुरू करायच्या आधी डॉक्टरांच्या कानावर घाला. तिळाची ॲलर्जी असेल तरी जपून.

चवीला मला दोन गोष्टी जमल्या. पातळ ताक, भाजलेल्या जिऱ्याची पूड, काळं मीठ आणि भिजवलेला चिया, उन्हातून आल्यावर एकदम भारी लागतं. दुसरं म्हणजे रात्री कपभर दुधात दोन चमचे चिया, सकाळी त्यात आपलं पिकलेलं केळं कुस्करायचं, साखर लागतच नाही आणि पोरं खीर समजून खातात. भाकरीच्या पिठात घालून बघितलं, काही मजा नाही. उपासाला चालतो का हे ज्याच्या त्याच्या घरावर, आमच्याकडे सासूबाई नाही म्हणतात म्हणून मी नाही घेत.

आणायचा तर पाव किलोच आणा, काचेच्या घट्ट बरणीत, गॅसपासून लांब. अख्खा बरेच महिने टिकतो. जवसाची चटणी मात्र उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांपुरतीच करा नाहीतर खवट वास येतो, आणि फ्रिजमध्ये ठेवली तर उत्तम.