व्हिएतनामची छोटी सहल आखताना या चुका टाळा

मुंबईहून थेट विमानाने साधारण पाच तासांत हनोईला पोहोचता येते आणि घड्याळ अवघे दीड तास पुढे करावे लागते. त्यामुळे सहा-सात दिवसांची रजा काढून व्हिएतनामला जाऊन येणारी मराठी कुटुंबे आता पुष्कळ दिसतात. देश जवळचा वाटला की तो लहानही असेल, असे आपण नकळत धरून चालतो आणि आखणीतल्या बहुतेक चुका या समजातूनच जन्म घेतात. पुढे ज्या चुका सांगितल्या आहेत, त्यांतील काही मी स्वतः केलेल्या आहेत आणि त्यांची हळहळ अजूनही वाटते.

एका आठवड्यात सारा देश

हनोई ते हो ची मिन्ह सिटी हा रेल्वेमार्ग १,७२६ किलोमीटरचा आहे. मुंबई सेंट्रल ते नवी दिल्ली हे अंतर १,३८४ किलोमीटर भरते, हे लक्षात घेतले म्हणजे या अरुंद पण लांबलचक देशाचा अंदाज येतो. तरीही सहल कंपन्यांच्या पत्रकांत हनोई, ‘हा लाँग’ उपसागर, दा नांग, होई आन आणि हो ची मिन्ह सिटी ही पाचही नावे सहा रात्रींत बसवलेली असतात. माझी पहिली सहल अशीच होती. विमान तासा-सव्वातासाचेच असले, तरी सामान बांधणे, विमानतळ गाठणे, उड्डाणाची वाट पाहणे आणि पुन्हा नव्या हॉटेलात खोली मिळेपर्यंत ताटकळणे यात अर्धा दिवस सहज जातो. होई आनसारखे गाव, जिथे सकाळी गल्ल्या रिकाम्या असताना जुन्या लाकडी घरांसमोरून चालण्यातच खरा आनंद आहे, ते आम्ही एका संध्याकाळी गर्दीत पाहिले आणि रात्री परत निघालो.

सहा-सात दिवस हाताशी असतील, तर एकच विभाग निवडावा आणि आठ दिवस असतील, तर फार तर दोन. उत्तरेकडे जायचे असल्यास हनोईत तीन रात्री, सुमारे ९५ किलोमीटरवरील निन्ह बिन्हमध्ये दोन आणि हा लाँग किंवा त्याला लागून असलेल्या ‘लान हा’ उपसागरात बोटीवर एक रात्र, ही मांडणी सुखाची ठरते. मध्य भाग हवा असल्यास दा नांगला उतरून होई आनमध्ये तीन आणि ह्वे या जुन्या राजधानीत दोन रात्री ठेवाव्यात व मधला हाय वान घाट दिवसाउजेडी पार करावा. उत्तरेतील सापा या गावाचे डोंगर हनोईपासून रस्त्याने पाच-सहा तासांवर आहेत. ते अशा छोट्या बेतात कोंबू नयेत, त्यांच्यासाठी वेगळी सहल करावी.

सुट्टी आपली, ऋतू त्यांचा

आपल्या सुट्ट्या दिवाळी, नाताळ आणि मे महिन्याशी बांधलेल्या असतात, तर व्हिएतनामचे हवामान तीन विभागांत तीन तऱ्हांनी चालते. ‘व्हिएतनामला केव्हा जावे?’ या प्रश्नाला म्हणूनच एक उत्तर नाही. आपली सुट्टी ठरलेली असेल, तर त्या सुट्टीला कोणता विभाग मानवेल, असा उलटा विचार केला पाहिजे.

दिवाळीत बहुतेकांची फसगत होते. ऑक्टोबर आणि नोव्हेंबर हे मध्य किनाऱ्यावरील मुसळधार पावसाचे आणि पुराचे महिने आहेत. होई आनमधून वाहणारी थू बोन नदी या दिवसांत पात्राबाहेर येते आणि जुन्या गावातील रस्त्यांवरून नावा फिरतात. २०२५ सालच्या ऑक्टोबरअखेरीस ह्वे आणि होई आन या दोन्ही ठिकाणी मोठा पूर आला होता. नेमक्या याच काळात हनोई आणि निन्ह बिन्हची हवा कोरडी, निवळलेली आणि फिरण्यास उत्तम असते. दिवाळीच्या सुट्टीत उत्तरेला जावे आणि कंदिलांची छायाचित्रे कितीही खुणावत असली, तरी होई आन पुढच्या खेपेला ठेवावे, असे मी आग्रहाने सांगेन.

नाताळात चित्र बदलते. दक्षिणेत तेव्हा कोरडा आणि आल्हाददायक ऋतू असतो, म्हणून हो ची मिन्ह सिटी, मेकाँगचा त्रिभुज प्रदेश आणि फू क्वोक बेट यांना तो काळ साजेसा आहे. हनोईत मात्र आभाळ राखाडी आणि हवा दमट-गार असते, सापात तर पारा शून्याजवळही उतरतो. ‘व्हिएतनाम म्हणजे उष्ण देश’ असे समजून केवळ सुती कपडे नेलेल्या माणसांना तिथे पहिल्याच दिवशी जाकीट विकत घ्यावे लागते. मे महिन्यात उत्तरेत कडक ऊन असते, दक्षिणेत पाऊस सुरू होतो आणि दा नांग, होई आन, ह्वे हा मध्य भाग कोरडा राहतो. समुद्रस्नानाची हौस तेव्हाच पुरवावी. निन्ह बिन्हजवळच्या ताम कॉक येथे नदीच्या दोन्ही काठांवरचा भात मे अखेरीस ते जूनच्या प्रारंभी पिवळा होतो आणि पायांनी वल्ही मारणारे नावाडी त्यातून आपल्याला नेतात, त्यासाठी उन्हाचा त्रास सोसावा असे मला वाटते. सापा आणि मू कांग चाय येथील सोनेरी पायऱ्या-पायऱ्यांची शेते सप्टेंबर ते ऑक्टोबरच्या प्रारंभी दिसतात. दिवाळीपर्यंत तेथील कापणी बहुधा उरकलेली असते.

हा लाँगच्या बोटी वादळी हवामानात बंदर प्रशासनाच्या आदेशाने थांबवल्या जातात. जुलै ते सप्टेंबर या काळात तशी शक्यता अधिक असते. असा आदेश आल्यावर आयोजकाशी वाद घालणारे प्रवासी मी पाहिले आहेत. १९ जुलै २०२५ रोजी अचानक आलेल्या वादळी पावसात तिथे पर्यटकांची एक बोट उलटून तीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, हे ध्यानात ठेवून तो आदेश मुकाट्याने मानावा. आरक्षण करतानाच ‘हवामानामुळे फेरी रद्द झाल्यास पूर्ण पैसे परत मिळतील का?’ हे लेखी विचारून घ्यावे आणि पर्याय म्हणून निन्ह बिन्हमधील त्रांग आन मनात ठेवावे. चुनखडीचे तसेच सुळके, गुहांमधून जाणाऱ्या नावा आणि शांत पाणी तिथेही आहे. त्या परिसराला २०१४ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला आहे. अर्थात तुफान मोठे असेल, तर तिथेही न जाता हनोईतील संग्रहालये पाहणे शहाणपणाचे.

पंचांग पाहिले नाही, तर

तेत हा त्यांचा नववर्षाचा सण चांद्र गणनेनुसार, आपल्या पौष किंवा माघ अमावास्येच्या सुमारास येतो. २०२७ मध्ये तो ६ फेब्रुवारीला आहे. त्या आठवड्यात लोक आपापल्या गावी जातात, गाड्या आणि विमाने भरून जातात आणि लहान खाणावळी बंद राहतात. सणाच्या आधीचे दिवस मात्र फुलांच्या बाजारांमुळे फार देखणे असतात. ३० एप्रिल आणि १ मे या जोडसुट्टीत दा नांगच्या किनाऱ्यावर देशभरातील कुटुंबे येतात, त्यामुळे मे महिन्याची सहल पहिला आठवडा सोडून आखावी.

आपला मराठी महिना अमावास्येनंतर सुरू होतो, तसाच त्यांचाही. त्यामुळे घरच्या भिंतीवरचे पंचांग इथे खरोखर उपयोगी पडते. होई आनमध्ये चांद्र महिन्याच्या चौदाव्या रात्री जुन्या गावातील विजेचे दिवे मंद करून कंदील लावले जातात, ती रात्र शुक्ल चतुर्दशीच्या आगेमागे येते. एखाद्या दिवसाचा फरक पडू शकतो, म्हणून हॉटेलला विचारून तारीख पक्की करावी.

व्हिसाच्या अर्जातील नाव आणि तारीख

भारतीय नागरिकांना ई-व्हिसा घेऊन जाता येते. १५ ऑगस्ट २०२३ पासून तो ९० दिवसांपर्यंतचा मिळतो आणि एकदाच प्रवेशासाठी २५ अमेरिकी डॉलर, तर अनेकदा प्रवेशासाठी ५० डॉलर शुल्क पडते. सरकारी संकेतस्थळाच्या पत्त्याचा शेवट ‘गव्ह डॉट व्हीएन’ असा असतो. त्यासारखीच दिसणारी खासगी संकेतस्थळे अनेक आहेत आणि ती कितीतरी जास्त पैसे घेतात.

मराठी माणसाची अडचण बहुधा नावापाशी होते. आपल्या पारपत्रात ‘दिलेले नाव’ या रकान्यात स्वतःच्या नावापुढे वडिलांचे किंवा पतीचे नाव असते. विमानाच्या तिकिटावर ते मधले नाव गाळलेले आणि व्हिसावर आलेले, किंवा याच्या उलट, असे झाले की विमानतळावर प्रश्न सुरू होतात. पारपत्राच्या छायाचित्र असलेल्या पानावर तळाशी ज्या दोन छापील ओळी असतात, त्यांत नाव जसे आहे तसेच अर्जात आणि तिकिटावर असावे. चूक झाल्यास भरलेले शुल्क परत मिळत नाही.

दुसरी चूक तारखेची. मध्यरात्रीनंतर सुटणाऱ्या विमानाचे तिकीट काढून प्रवेशाची किंवा हॉटेलची तारीख एका दिवसाने चुकवणारे पुष्कळ जण आहेत. व्हिसा सुरू होण्याच्या तारखेआधी प्रवेश मिळत नाही, म्हणून सुरुवातीची तारीख प्रत्यक्ष प्रवासाच्या दोन-तीन दिवस आधीची मागावी. मुदत ९० दिवसांपर्यंत मिळत असल्याने त्यात काही तोटा नाही. १ जुलै २०२५ पासून व्हिएतनामने आपले ६३ प्रांत व महानगरे एकत्र करून ३४ केली आणि होई आन तेव्हापासून दा नांग महानगराचा भाग झाले. अर्जात मुक्कामाचा पत्ता लिहिताना जुनी पुस्तके व जुने नकाशे प्रमाण मानू नयेत.

जेवणाची चिंता आणि तिचे उत्तर

पिशवी भरून ठेपले आणि लाडू न्यायचे, तिथे भारतीय उपाहारगृह शोधायचे आणि व्हिएतनामी अन्न चाखल्याविना परतायचे, ही मला सर्वांत दुःखद वाटणारी चूक आहे. शाकाहारी माणसाला तिथे उपाशी राहावे लागते, हा समज खरा नाही. बौद्ध परंपरेतील शाकाहाराला तिथे ‘चाय’ म्हणतात. आपल्या कानाला तो चहा वाटतो, पण चहाला त्यांचा शब्द ‘त्रा’ आहे. ‘क्वान चाय’ म्हणजे शाकाहारी खाणावळ. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे आपल्या प्रतिपदा-पौर्णिमेच्या सुमारास, अनेक बौद्ध कुटुंबे शाकाहार पाळतात आणि अशा खाणावळी त्या दिवशी गजबजलेल्या असतात. ह्वे तर या पाकपरंपरेसाठी नावाजलेले आहे. परंपरेने तिथे कांदा-लसूणही वर्ज्य असते, हे आपल्याकडील अनेक ज्येष्ठांना ऐकून बरे वाटेल.

सामान्य खाणावळीत मात्र ‘मांस नको’ एवढे म्हणून भागत नाही. नुअक माम हा माशांपासून मुरवलेला खारट अर्क त्यांच्या स्वयंपाकात मिठाच्या जागी पडतो आणि फो या शेवयांच्या पदार्थाचे पाणी हाडे उकळून केलेले असते. वरचे तुकडे काढून टाकले, म्हणून तो वाडगा शाकाहारी होत नाही. ‘तोय आन चाय’, म्हणजे ‘मी शाकाहारी आहे’, हे वाक्य उच्चारातील चढउतारामुळे तोंडी सांगताना चुकू शकते, त्यामुळे ते व्हिएतनामी लिपीत मोबाइलवर साठवून दाखवावे.

मांसाहारी असूनही गोमांस न खाणाऱ्यांनी ‘बॉ’ हा शब्द ओळखायला शिकावा. फो बॉ हा गोमांसाचा, फो गा हा कोंबडीचा. ह्वेचा प्रसिद्ध बून बॉ हाही गोमांसाचाच असतो. हनोईचा बून चा डुकराच्या मांसाचा असून तो दुपारी, निखाऱ्यावर मांस भाजले जात असताना खावा. रात्री तो शोधत फिरणारे निराश होतात. फोसाठी सकाळ उत्तम, कारण रात्रभर उकळलेले पाणी तेव्हा ताजे असते. काओ लाउ या जाड, चिवट शेवया होई आनच्या बाहेर शोधण्यात वेळ घालवू नये. जिथे एकच पदार्थ होतो आणि स्थानिक माणसे खुज्या स्टुलांवर दाटीने बसलेली असतात, ती जागा लांबलचक यादी देणाऱ्या हॉटेलपेक्षा नेहमीच भरवशाची असते.

पैसे आणि रस्ते

साधारण ३०० डोंग म्हणजे एक रुपया. शेवटची तीन शून्ये सोडून उरलेल्या आकड्याला ३.३ ने गुणले की रुपये कळतात, म्हणजे ५०,००० डोंगची थाळी सुमारे १६५ रुपयांना पडते. २०,००० आणि ५,००,००० या दोन्ही नोटा निळसर आहेत. संध्याकाळच्या उजेडात त्यांची अदलाबदल होऊन मोठे नुकसान होते, म्हणून मोठ्या नोटा वेगळ्या कप्प्यात ठेवाव्यात. टॅक्सी ग्रॅबसारख्या अ‍ॅपवरून बोलवावी, म्हणजे भाडे आधीच कळते.

भाड्याची दुचाकी घेण्याआधी दहादा विचार करावा. भारतात मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना १९४९ च्या करारानुसार असतो, तर व्हिएतनाम १९६८ च्या करारानुसार दिलेला परवाना मानतो. दुकानदार गाडी सहज देतो, पण अपघात झाल्यास प्रवास-विमा हात वर करू शकतो. हाय वान घाट पाहायचा असेल, तर चालकासह गाडी किंवा दुचाकी ठरवावी.

बंद दारे आणि राहून गेलेले मी सोन

हनोईतील हो ची मिन्ह यांची समाधी केवळ सकाळी उघडी असते आणि सोमवारी व शुक्रवारी बंद. वर्षातून काही आठवडे ती देखभालीसाठीही बंद ठेवतात. तिथे तोकडे कपडे चालत नाहीत. सोमवारी मानववंशशास्त्र संग्रहालयही बंद असते, त्यामुळे तो दिवस १०७० साली स्थापन झालेल्या वान मियू या विद्यामंदिरासाठी ठेवावा.

दा नांगला जाणारे बहुतेक भारतीय प्रवासी बा ना टेकडीवरील २०१८ साली खुल्या झालेल्या सोनेरी पुलासाठी पूर्ण दिवस देतात आणि होई आनपासून सुमारे ४० किलोमीटरवर असलेले ‘मी सोन’ हे जुन्या देवळांचे खोरे वगळतात. मला ही निवड चुकीची वाटते. इथल्या चाम लोकांच्या राजांनी चौथ्या शतकापासून या खोऱ्यात भद्रेश्वर नावाने शिवाची उपासना सुरू केली, विटांची देवळे उभारली आणि संस्कृतात शिलालेख कोरले. युद्धकाळातील बॉम्बहल्ल्यांत त्यांतील बरीच देवळे कोसळली. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने तिथे जीर्णोद्धाराचे काम केले आणि २०२० मध्ये त्या कामात नवव्या शतकातील एकसंध वालुकाश्माचे शिवलिंग सापडले. दुपारी बारा वाजता बसगाड्यांसोबत पोहोचले, तर उन्हामुळे आणि गर्दीमुळे यातले काहीही नीट पाहता येत नाही. होई आनहून पहाटेच निघावे, आदल्या दिवशी दा नांगचे १९१९ सालापासूनचे चाम शिल्पसंग्रहालय पाहून ठेवावे आणि खोऱ्यात किमान तीन तास द्यावेत.