घरातली वृत्तपत्र-कात्रणे कशी लावावीत, नोंद कशी करावी

कात्रणांचा गठ्ठा हाती आला की लगेच विषयवार ढीग पाडावेसे वाटतात. ते थांबवा. कोणत्या पाकिटात काय होते, कशाला काय जोडले होते, यावरून जमवणाऱ्याचा हेतू कळतो. म्हणून आधी आहे त्या क्रमाचे फोटो काढा आणि प्रत्येक कात्रणाला क्रमांक द्या.

मग टाचण्या, क्लिपा, रबरबँड काढा. त्यांचा गंज आणि डाग कागदात उतरतात. सेलोटेप मात्र ओढू नका, कागद सोबत निघतो.

आता खरे काम. वृत्तपत्राचे नाव, आवृत्ती, तारीख, पान, मथळा, लेखक एवढे वहीत किंवा एक्सेलमध्ये लिहा. तारखेत वर्ष आधी ठेवा (१९७८-०८-१४), म्हणजे संगणकावरही नोंदी ओळीने लागतात. कात्रणावर पेनने काही लिहू नका. क्रमांक फोल्डरवर, पेन्सिलीने. तारीख नसेल तर कात्रण उलटून बघा: मागची जाहिरात, सामन्याचा निकाल, हवामान यांतून काळ सापडतो. असा अंदाज चौकटी कंसात लिहा, [१९७८ च्या सुमारास], म्हणजे पुढच्या वाचणाऱ्याला तो छापील तारखेपासून वेगळा ओळखता येतो.

शेवटचा रकाना ‘का ठेवले’ याचा असू द्या, आणि तो रिकामा सोडू नका. बातमी एखाद्या ग्रंथालयात मिळेलही. पण फोटोत डावीकडून दुसरी आपली आत्या आहे, हे तिथे कुणी सांगणार नाही. ज्यांना आठवते त्यांना आजच विचारा.

वृत्तपत्राचा कागद मुख्यतः लाकडाच्या यांत्रिक (यंत्राने दळून केलेल्या) लगद्याचा. त्यातल्या लिग्निन या लाकडातल्या घटकामुळे तो उजेडात पिवळा पडतो, आम्लामुळे ठिसूळ होतो, आणि ते आम्ल शेजारच्या पत्रात, फोटोतही उतरते. त्यामुळे कात्रणे वेगळ्या आम्लरहित फोल्डरमध्ये, अंधाऱ्या, कोरड्या, थंड जागी सपाट ठेवा. माळा नको, तिथे उष्णता फार. लॅमिनेशन तर अजिबात नको. ते पुन्हा सोडवता येत नाही.

स्कॅन रंगीत, किमान ३०० डीपीआयवर (दर इंचाला ३०० ठिपके), दोन्ही बाजूंनी करा. फाईलच्या नावात कात्रणाचा क्रमांकच ठेवा. समासात कुणी हाताने काही लिहिले असेल, तर स्कॅन झाले तरी मूळ कात्रण टाकू नका. स्कॅनची एक प्रत दुसऱ्या जागी ठेवा, आणि नोंदींची छापील प्रत खोक्यातच.