रंगवलेल्या लाकडावरची पक्ष्यांची शीट: घासायला घेण्याआधीची तयारी

खिडकीच्या झडपा, कठडा, दाराची चौकट किंवा छपराखालच्या फळ्यांवर शीट वाळून बसलेली दिसली की हात आधी कुंच्याकडे जातो. तो तिथेच थांबवा. कोरडी शीट झाडायची नाही, खरवडायची नाही, त्यावर सँडपेपरही फिरवायचा नाही. तिची बारीक धूळ श्वासातून फुप्फुसात जाते आणि हिस्टोप्लाझ्मोसिस, क्रिप्टोकॉकोसिस, सिटॅकोसिससारखे आजार होऊ शकतात. बाहेरच्या लाकडावरच्या चार-दोन डागांनी घाबरून जायचं कारण नाही, पण खबरदारी सोडू नये. दम्याच्या किंवा फुप्फुसाच्या जुन्या रुग्णांनी, आणि औषधांमुळे किंवा आजारामुळे प्रतिकारशक्ती कमी झालेल्यांनी हे काम दुसऱ्यावर सोपवावं.

सामान काढण्याआधी एक फेरी पाहणीची. वर घरटं आहे का ते बघा. अंडी किंवा पिल्लं असतील तर ती उडून जाईपर्यंत घरट्याला हात लावू नका. बऱ्याच देशांत तो गुन्हाही ठरतो. पोटमाळ्यात किंवा फळ्यांमागे शिटेचे थर साचले असतील तर हे बादली-फडक्याचं काम नाही, ते व्यावसायिक सफाईवाल्यांकडून करून घ्या. मग रंगाकडे वळा. गडद रंगाचं कोरडं फडकं स्वच्छ जागेवर फिरवा. फडक्यावर पांढरी पूड आली तर रंग वरून झिजायला लागलाय, तिथे हात हलका ठेवावा लागेल. पोपडे सुटले असतील किंवा भेगांतून लाकूड उघडं पडलं असेल तर तिथलं पाणी थेट आत मुरेल, म्हणून त्या जागा फक्त पिळलेल्या फडक्याने पुसायच्या. घर खूप जुनं असेल तर खालच्या थरांत शिसं असू शकतं. अशा रंगाची धूळ शिटेच्या धुळीपेक्षाही वाईट.

अंगावर काय हवं? एन९५ किंवा एफएफपी२ मास्क, चेहऱ्याला घट्ट बसणारा. दाढी असेल तर कडेने हवा शिरते आणि मास्कचा उपयोग राहत नाही. साधा कापडी मास्क किंवा रुमाल इथे चालत नाही. रबरी हातमोजे, बाजूने बंद असलेला चष्मा, पूर्ण बाह्यांचे जुने कपडे. डोक्यावरच्या फळ्या पुसायच्या असतील तर टोपीही. शिडी लागणार असेल तर उंचीच्या चौथाई अंतरावर तिचा पाया ठेवा, म्हणजे ३ मीटर उंचीला भिंतीपासून साधारण ७५ सेंटिमीटर, आणि खाली कुणीतरी धरायला असू द्या.

बादल्या दोन लागतात, एक साबणाच्या पाण्याची, दुसरी साध्या पाण्याची. १ लिटर कोमट पाण्यात भांडी घासायचा सौम्य द्रव साबण १ चहाचा चमचा पुरे. जास्त घातला तर फेस निघता निघत नाही आणि राहिलेल्या साबणावर धूळ चिकटते. सोबत फवाऱ्याची बाटली, मऊ सुती फडकी (भरपूर, प्रत्येक घडी एकदाच वापरायची), मऊ केसांचा ब्रश, कोरीव नक्षी असेल तर जुना टूथब्रश, आणि दोन जाड प्लास्टिक पिशव्या. खाली जुनी चादर नको, तिच्यातून पाणी झिरपतं, प्लास्टिकच अंथरा. जवळ बाहेरचा दिवा किंवा सॉकेट असेल तर त्याचा वीजपुरवठा बंद करा. लगतच्या खिडक्या लावून घ्या, मुलं आणि पाळीव प्राणी आत.

वेळ निवडताना ऊन टाळा. तापलेल्या लाकडावर साबणाचं पाणी पुसण्याआधीच वाळतं आणि ओघळांचे पट्टे उमटतात. वारा नसलेली सकाळ सगळ्यात चांगली, कारण पुढे सुकायला अख्खा दिवस मिळतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं: भिजवणं. बाटलीतून अगदी हलका फवारा मारा. जोराच्या धारेने कोरडे कण उडतात. शीट वरवर ओली झाली की साबणाच्या पाण्यात बुडवून थोडं पिळलेलं फडकं तिच्यावर पसरून १० ते १५ मिनिटं ठेवा. उभ्या फळीवर ते चिकटपट्टीने टांगावं लागतं. पट्टी रंग नसलेल्या जागेलाच लावा, रंगाला लावली तर पोपडा निघतो. शिटेचा पांढरा भाग म्हणजे मुख्यतः युरिक आम्ल, ते पाण्यात फारसं विरघळत नाही. ते फुगून मऊ लगदा होण्याची वाट पाहायची. काळपट भागात बिया आणि वाळूचे कण असतात. फडकं दाबून फिरवलं की हेच कण रंगावर ओरखडे काढतात. म्हणून लगदा पुसायचा नाही, कडेकडून मध्याकडे उचलून घ्यायचा, घडी बदलायची आणि पुन्हा. निघत नसेल तर आणखी दहा मिनिटं भिजवा, जोर वाढवू नका.

काही वस्तू मुद्दाम घरातच ठेवा. व्हिनेगर नको, युरिक आम्ल आम्लात आणखीच कमी विरघळतं. त्याऐवजी हट्टी डागाला लिटरभर पाण्यात १ मोठा चमचा खाण्याचा सोडा पूर्ण विरघळवून वापरा, मात्र आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात लावून बघा. तारेची घासणी आणि मेलामाइनचा पांढरा स्पंज चकाकी घालवतात. प्रेशर वॉशर सांध्यांत आणि फळ्यांच्या टोकांत पाणी घुसवतो. लाकूड फुगतं, मग रंग फुटतो. ब्लीच या कामाला सहसा लागतच नाही. निर्जंतुकीकरण करायचंच असेल तर शीट पूर्ण निघाल्यावर, कारण घाणीवर क्लोरीनचा जोर वाया जातो. ब्लीच व्हिनेगरमध्ये किंवा अमोनिया असलेल्या काच-क्लीनरमध्ये कधीही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो.

शेवटी साध्या पाण्याच्या पिळलेल्या फडक्याने वरून खाली पुसा आणि लगेच कोरडं करा, विशेषतः खालची कड आणि सांधे. सुकल्यावर तिथे मंद, खडबडीत ठसा दिसला तर ती घाण नव्हे, शिटेतल्या आम्लाने रंगाचा वरचा थर खाल्लाय. तो कितीही धुतला तरी जाणार नाही. लाकूड नीट वाळू द्या, मग ३२० नंबरच्या ओल्या सँडपेपरचा हलका हात देऊन तेवढीच जागा रंगवावी. जुन्या रंगात शिसं असण्याची शंका असेल तर सँडपेपर नको; तपासणी होईपर्यंत ठसा तसाच राहू द्या.

वापरलेली फडकी ओली असतानाच एकात एक दोन पिशव्यांत बांधा. हातमोजे अंगावर असतानाच साबणाने धुवून काढा, मग चष्मा, मास्क सगळ्यात शेवटी. कपडे वेगळे धुवा, आणि हात पुन्हा एकदा.