उन्हाळी डेटा प्रकल्प करताय? मग हे आधी वाचा

मार्च आला की तिसऱ्या वर्षाची मुलं माझ्या टेबलाशी येतात. "मॅडम, कुपोषणावर मशीन लर्निंग करायचंय." मी विचारते, तुमचं उत्तर हातात पडलं की सोमवारी सकाळी कोण काय वेगळं करणार? बहुतेक जण गप्प होतात. हा प्रश्न म्हणजे संख्याशास्त्र शिकवणाऱ्या बाईची खोड नाही. पहिली पायरीच तो आहे.

शिकागो विद्यापीठात २०१३ साली डेटातज्ज्ञ रईद घानी यांनी 'डेटा सायन्स फॉर सोशल गुड' हा उन्हाळी कार्यक्रम सुरू केला. विद्यार्थ्यांचे गट त्यात सरकारी खात्यांचे आणि सेवाभावी संस्थांचे खरे प्रश्न सोडवत. घानींचा क्रम असा: आधी उद्दिष्ट, मग कृती, मग डेटा, विश्लेषण सर्वांत शेवटी. मुंबईच्या 'अरमान' संस्थेतही हेच दिसतं. गरोदर बायकांना आणि नव्या आयांना 'एममित्रा' या फोन-सेवेवरून आरोग्याचे संदेश ऐकवले जातात. काही जणी हळूहळू ऐकणं सोडतात. प्रत्येकीला स्वतः फोन करायला माणसं पुरत नाहीत. संगणकशास्त्रज्ञ मिलिंद तांबे आणि सहकाऱ्यांचं मॉडेल एवढंच सुचवतं, की या आठवड्यात कोणाला फोन करावा.

तेव्हा आधी तुमच्या उत्तरावरून असा फोन किंवा दुसरी कृती करणारा माणूस शोधा: तालुका आरोग्य अधिकारी, पर्यवेक्षिका, संस्थेची कार्यकर्ती, कोणीही. सुरुवातीचे दिवस कोड लिहू नका. अंगणवाडीत बसा, वजनाची नोंद कशी होते ते बघा, काटा बिघडला तर त्या महिन्यात रकान्यात काय भरतात ते विचारा. नंतर डेटात एकाच बाळाचं वजन तीन महिने जसंच्या तसं दिसलं, तर त्याचं काय करायचं हे तुम्हाला कळेल.

आता जिथे सगळे आपटतात ती जागा: नकाशा. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेत तो नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची चौथी फेरी (२०१५-१६) जनगणनेच्या ६४० जिल्ह्यांवर बेतलेली, पाचवी (२०१९-२१) ७०७ जिल्ह्यांवर. म्हणजे चौथ्या फेरीतल्या 'ठाण्या'त आता पालघरमध्ये असलेले जव्हार-मोखाडा तालुके आहेत, पाचवीतल्या 'ठाण्या'त नाहीत. दोन्ही आकडे शेजारी ठेवून "ठाण्यात सुधारणा झाली" असं लिहिलंत, तर त्यातली किती सुधारणा खरी आणि किती सीमारेषेची, हे तुम्हालाही सांगता येणार नाही. आणि हे सर्वेक्षण जिल्ह्यापर्यंतच बोलतं. त्यातून तालुक्याचे आकडे काढू नका.

गावांची नावं जुळवणं हा वेगळाच छळ. वडगाव बुद्रुक एका फाइलीत 'बु.', दुसरीत 'बीके', खुर्दचंही तेच. नावावर विसंबू नका, एलजीडी कोड (सरकारच्या 'लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरी'तला गावाचा क्रमांक) लावा. जिथे तो नाही तिथे हाताने जुळवा, कंटाळा आला तरी.

मॉडेलबद्दल थोडक्यात. "गेल्या वर्षी जिथे कुपोषण जास्त, तिथेच यंदाही" हा ठोकताळा आधी मोजा. तुमचं मॉडेल त्याला हरवत नसेल तर ठोकताळाच द्या, लाज कसली? मुलांची नावं पहिल्याच दिवशी फाइलीतून काढा. गावात दोन-तीनच मुलं असतील, तर तो आकडा जाहीर करू नका. नावाशिवायही गाव ओळखतंच.

शेवटच्या आठवड्यात डॅशबोर्ड रंगवत बसू नका. मराठी रकान्यांची एक एक्सेल फाइल करा, पर्यवेक्षिकेला तिच्याच ऑफिसच्या कॉम्प्युटरवर उघडायला सांगा आणि तुम्ही हात मागे बांधून उभे राहा. अक्षरांऐवजी फॉन्टचे चौकोन दिसले, तर अजून काम बाकी आहे.