हॅमरहेड रायबोझाइमने आरएनए कापताना: मॅग्नेशियम सगळ्यात शेवटी

आरएनए तुटलेला जेलवर सहज दिसतो. तो रायबोझाइमनेच, म्हणजे एन्झाइमसारखं काम करणाऱ्या आरएनएनेच तोडला, हे दाखवणं अवघड, कारण बोटांवरचं आरएनेज हे आरएनए तोडणारं एन्झाइमही तेच करतं आणि ऑटोक्लेव्हलाही दाद देत नाही. ग्लव्हज सारखे बदला. पाण्याला डीईपीसी (आरएनेज निकामी करणारं रसायन) द्या, पीएच टिकवणाऱ्या ट्रिस बफरला नको. ट्रिसच डीईपीसी खाऊन टाकतं.

१९८६ साली तंबाखूच्या रिंगस्पॉट विषाणूच्या उपग्रह-आरएनएत (त्या विषाणूच्या आधाराने वाढणाऱ्या छोट्या आरएनएत) सापडलेलं हॅमरहेड रायबोझाइम जी-यू-सी या तीन बेसच्या क्रमातल्या सीनंतर काप घेतं. त्या सीचाच दोन-प्राइम हायड्रॉक्सिल शेजारच्या फॉस्फरसवर मागून चढतो. रायबोझाइममधला बाराव्या जागेचा जी, म्हणजे जी१२, त्याचा प्रोटॉन काढून घेतो, जी८चा हायड्रॉक्सिल सुटणाऱ्या ऑक्सिजनला प्रोटॉन पुरवतो. एका तुकड्याला चक्रीय फॉस्फेट उरतं, दुसऱ्याला पाच-प्राइम हायड्रॉक्सिल. चढणारा तो दोन-प्राइम हायड्रॉक्सिल डीऑक्सी-सीमध्ये नसतो, म्हणूनच तिथे डीऑक्सी-सी असलेला सब्सट्रेट (कापायचा आरएनए) कापला जात नाही. कंट्रोल म्हणून तो हाताशी ठेवाच.

सब्सट्रेटला धरणारे हात दोन्हीकडे ७-८ बेसचे पुरेत. लांब ठेवले तर तुकडे सुटत नाहीत आणि रायबोझाइम एकाच कापात अडकून बसतं.

पीएच ७.५ च्या ५० मिलिमोलर ट्रिसमध्ये १ मायक्रोमोलर रायबोझाइम आणि पाच-प्राइम टोकाला फ्लुओरेसिन (चमकणारं लेबल) लावलेला १०० नॅनोमोलर सब्सट्रेट, असं ९० मायक्रोलिटर मिश्रण करा. ९५ अंशांवर २ मिनिटं तापवून ३७ अंशांवर आणा. काप घ्यायला रायबोझाइमला मॅग्नेशियम लागतं, पण ते आधीच घातलं तर या उष्णतेत आरएनए आपोआप तुटतो.

आता ९ मायक्रोलिटर वेगळे काढा, त्यात १ मायक्रोलिटर १०० मिलिमोलर ईडीटीए (मॅग्नेशियम पकडून ठेवणारं रसायन) घालून शेजारीच ठेवा. उरलेल्या ८१ मध्ये १०० मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड ९ मायक्रोलिटर घाला आणि घड्याळ लावा. अर्ध्या, १, २, ५, १० आणि ३० मिनिटांनी १०-१० मायक्रोलिटर काढून तेवढ्याच फॉर्मामाइडमध्ये टाका. त्यात ईडीटीए २० मिलिमोलर हवं, कमी पडलं तर काप चालूच राहतो. ईडीटीएची ट्यूबही ३० मिनिटांनीच थांबवा. ७ मोलर युरियाच्या २० टक्के जेलवर चालवा. चमकेल तो फक्त लेबल असलेला तुकडा.

साधं हॅमरहेड या स्थितीत मिनिटाला १ च्या आसपास वेग देतं, म्हणजे निम्मा सब्सट्रेट ४० सेकंदांत संपतो. पिपेट त्या वेगाला पुरत नसेल तर पीएच ६.५ घ्या, वेग साधारण दहापट उतरतो.

ईडीटीएच्या ट्यूबमध्येही तुकडे दिसले, त्यातही सी आणि यूनंतर पायऱ्यांसारखे बँड आले, तर ते आरएनेज ए. त्याला मॅग्नेशियम लागत नाही. सगळी बफर ओतून द्या. काप ७०-८० टक्क्यांवरच थांबला, तर थोडं रायबोझाइम चुकीचं घडी पडलेलं असतं. पुन्हा तापवून सावकाश थंड करून पाहा.